डेक्साची कुपी आणि पांढऱ्या पेशींचं मरण

डेक्सामेथासोनची कुपी दोन मिलिलिटरची असते. तिच्यात आठ मिलिग्रॅम औषध असतं आणि ती चहाच्या पैशांत मिळते. धार जिल्ह्यातलं सरदारपूर असो की सातपुड्यातलं नंदुरबारचं धडगाव, हा सगळा एकच भिलांचा मुलूख. आठवडी बाजाराच्या दिवशी इथल्या बोगस डॉक्टरांच्या टेबलावर ही कुपी सहज दिसते. ताप, कंबरदुखी, दमा, अंगावर उठलेलं पित्त, काहीही असलं तरी एक सुई टोचली की माणूस उठून बसतो. अंग हलकं होतं, भूक लागते, दुसऱ्या दिवशी मजुरीला जाता येतं. रोजंदारीवर जगणाऱ्याला याहून चांगलं औषध कुठलं वाटणार?

एक हिशोब मात्र करून पाहावा. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी निरोगी माणसात दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. डेक्सामेथासोन हा त्याच कॉर्टिसॉलचा प्रयोगशाळेत घडवलेला भाऊबंद, पण जोर पंचवीसपटीच्या आसपास. म्हणजे आठ मिलिग्रॅमच्या एका सुईतून शरीराला दहा ते वीस दिवसांच्या कॉर्टिसॉलइतका आदेश एकदम मिळतो, आणि तो दीड-दोन दिवस टिकतो. हा आदेश शरीरातल्या बहुतेक पेशी ऐकतात. यकृत साखर बनवू लागतं, स्नायू प्रथिनं सोडू लागतात. काही पेशींना मात्र त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: मरा. आणि त्या मरतात. या पुस्तकाचा विषय त्या पेशी आहेत.

सुईनंतर सहा-आठ तासांनी त्याच माणसाचं रक्त तपासायला पाठवलं तर सीबीसीचा कागद बोलका असतो. एकूण पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यामुळे जंतुसंसर्ग झालाय असा समज होऊ शकतो. खालच्या ओळी वाचल्या की खरा प्रकार कळतो. न्यूट्रोफिल पंचाऐंशी टक्क्यांवर चढलेले, लिम्फोसाइट तीसच्या घरातून दहावर आलेले, आणि इओसिनोफिलच्या पुढे जवळजवळ शून्य. स्टेरॉइड इओसिनोफिलना मारतं. दम्यात ते इतकं गुणकारी ठरण्याचं हे एक मोठं कारण. न्यूट्रोफिलचं आयुष्य उलट लांबतं, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात. एकच रेणू, पण एका पेशीला मरण आणि शेजारणीला दीर्घायुष्य. इओसिनोफिलची ही घसरण इतकी भरवशाची आहे की 1948 मध्ये जॉर्ज थॉर्न यांनी ॲड्रिनल ग्रंथी काम करतात की नाही हे ओळखायला तिचाच उपयोग केला.

इथे एक सावधगिरी हवी, कारण या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात ती नेहमी गळते. रक्तातले लिम्फोसाइट कमी दिसले म्हणजे ते सगळे मेले असं नाही. माणसात त्यातले बरेचसे रक्त सोडून अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि दिवसभरात परत येतात. उंदीर आणि माणूस यांच्यात या बाबतीत मोठा फरक आहे. उंदराचे लिम्फोसाइट स्टेरॉइडने पटापट मरतात. माणसाचे प्रौढ, मुरलेले लिम्फोसाइट बऱ्यापैकी तग धरतात. मरणाचा आदेश खरा लागू पडतो तो कोवळ्या, अजून घडत असलेल्या पेशींना. त्यांचं घर म्हणजे थायमस.

थायमस ही छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असलेली मऊ, दोन पाळ्यांची ग्रंथी. बाळ जन्मतं तेव्हा ती अंगाच्या मानाने चांगलीच मोठी असते, वयात येईपर्यंत वाढते, मग हळूहळू चरबीत विरते. ती कशासाठी आहे हे वैद्यकाला फार उशिरा कळलं. 1961 मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही असं दिसलं. ज्यांना आज आपण टी पेशी म्हणतो त्या इथे तयार होतात. त्याआधीच्या सत्तर-ऐंशी वर्षांत या ग्रंथीबद्दल जो गैरसमज पसरला होता त्याने हजारो मुलांचं नुकसान केलं, आणि त्याच्या मुळाशी आपलाच विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. धडधाकट दिसणारं मूल अचानक मरतं, शवविच्छेदनात दुसरं काही सापडत नाही, फक्त थायमस मोठी दिसते. 1889 मध्ये पाल्टॉफ या व्हिएन्नाच्या पॅथॉलॉजिस्टने याला एक आजारच ठरवून टाकलं. फुगलेली थायमस श्वासनळी दाबते असंही मानलं जात असे. मग उपाय म्हणून लहान मुलांच्या गळ्यावर आणि छातीवर क्ष-किरणांचा मारा सुरू झाला. अमेरिकेत 1907 पासून पुढची कित्येक दशकं तो चालला. ग्रंथी खरोखरच आकसायची, आणि उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटायचं. 1950 मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी दाखवलं की थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना तान्हेपणी हा मारा मिळाला होता.

चूक मोजमापात होती. ज्या थायमसला डॉक्टर नेहमीची समजत होते, ती आजारात आणि उपासमारीत दिवसेंदिवस झिजून मेलेल्या गरिबांच्या मुलांची होती. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारी बहुतेक प्रेतं त्यांचीच असत. महिनाभर तापाने, जुलाबाने, भुकेने शरीर ताणाखाली राहिलं, ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहिल्या, आणि थायमसमधल्या कोवळ्या पेशी मरत गेल्या. अचानक मेलेल्या मुलाला तेवढा वेळच मिळाला नव्हता. त्याची थायमस जशी असायला हवी तशीच होती. दारिद्र्यात आकसलेल्या ग्रंथीला प्रमाण मानलं आणि निरोगी ग्रंथी जाळली गेली. वैद्यकाच्या इतिहासातली ही गोष्ट प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगितली पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

ताण आणि थायमस यांची सांगड घातली ती हान्स सेल्ये यांनी. 1936 मध्ये नेचर या नियतकालिकातल्या छोट्याशा पत्रात त्यांनी लिहिलं की उंदरांना थंडीत ठेवा, जखमा करा, विषारी द्रव्यं टोचा. कारण कुठलंही असो, आत एकच चित्र दिसतं. ॲड्रिनल मोठ्या होतात, थायमस आणि लसिका गाठी आकसतात, जठरात व्रण पडतात. ॲड्रिनल काढून टाकलेल्या उंदरात ताण देऊनही थायमस आकसत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. पुढे 1944 मध्ये डोहर्टी आणि व्हाइट यांनी हा निरोप ॲड्रिनलच्या संप्रेरकांमधून जातो हे पक्कं केलं. सेल्ये यांच्या ताणाच्या सिद्धांताचा पुढे फार गवगवा झाला. ती आकसलेली थायमस मात्र बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली.

आता ते मरण जवळून पाहू. उंदराला डेक्सामेथासोन दिल्यावर काही तासांनी थायमसचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बाहेरच्या पट्ट्यात, जिथे कोवळ्या पेशी दाटीवाटीने असतात, तिथे गडद जांभळे ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आकसून गच्च झालेलं एका पेशीचं केंद्रक. काहींचे दोन-तीन गोळे झालेले. मध्येमध्ये फिकट, फुगीर मॅक्रोफेज पेशी आणि त्यांच्या पोटात गिळलेले तेच ठिपके. सूज नाही, पू नाही, फुटलेल्या पेशींचा राडा नाही. दोन दिवसांनी पुन्हा काप घेतला तर बाहेरचा पट्टा जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि आतला गाभा बराचसा तसाच असतो. जुना वाडा उतरवताना तुळया, कडीपाट, दारं क्रमाने सोडवतात आणि शेजारच्या भिंतीला धक्का लागू देत नाहीत, तसं हे काम.

या शिस्तबद्ध मरणाला 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस या नावाने वैद्यकात आणलं. आणि त्याची रासायनिक खूण सापडली ती याच स्टेरॉइड दिलेल्या थायमस पेशींत. 1980 मध्ये ॲन्ड्र्यू वायली यांनी या पेशींचा डीएनए जेलवर धाववला, तेव्हा सरमिसळ धुरकट डाग न दिसता समान अंतरावरच्या पट्ट्या उमटल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. डीएनए प्रथिनांच्या गुंड्यांभोवती गुंडाळलेला असतो, आणि दोन गुंड्यांमधल्या उघड्या जागीच, सुमारे 180 ते 200 बेस-जोड्यांच्या अंतराने, तो कापला गेला होता. कापणारं एन्झाइम पेशीचंच होतं.

आदेश असा पोचतो. स्टेरॉइडचा रेणू चरबीत विरघळणारा, त्यामुळे पेशीच्या आवरणातून तो सरळ आत जातो. आत एक ग्राहक प्रथिन दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने वाट पाहत असतं. स्टेरॉइड बसलं की ते आधार सोडून केंद्रकात शिरतं, डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि काही जनुकं चालू, काही बंद करतं. कोवळ्या लिम्फोसाइटमध्ये चालू होणाऱ्या जनुकांत बिम नावाचं एक आहे. पेशीला जिवंत ठेवणाऱ्या बीसीएल-2 कुळातल्या प्रथिनांना बिम अडवून धरतं. तो पहारा उठला की मायटोकाँड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात, सायटोक्रोम सी बाहेर गळतं, कॅस्पेज नावाच्या कातऱ्या जाग्या होतात आणि पेशी आतून कापली जाते. मरता मरता ती आपल्या आवरणाची आतली बाजू बाहेर दाखवते आणि ती खूण ओळखून मॅक्रोफेज तिला गिळतं.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक साधा प्रयोग. स्टेरॉइडबरोबर नवीन प्रथिनं बनवणं थांबवणारं औषध दिलं तर थायमसच्या पेशी वाचतात. म्हणजे स्टेरॉइड हे विष नाही. विष पेशीवर काम करतं. इथे पेशी स्वतः काम करते. मरणाची हत्यारं ती स्वतः घडवते, आणि घडवू दिली नाहीत तर मरत नाही.

अशी व्यवस्था शरीराने ठेवलीच का? थायमसमध्ये जन्मणाऱ्या पेशींपैकी शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत. प्रत्येक पेशीच्या आवरणावरचा, परकं ओळखणारा ग्राहक (स्टेरॉइडच्या ग्राहकाहून हा वेगळा) योगायोगाने जुळलेला असतो. काहींचा काहीच कामाचा नसतो. काहींचा आपल्याच अवयवांवर उलटेल असा असतो. दोघींनाही मरावं लागतं. जोनाथन ॲशवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट पाहिली: स्टेरॉइड एकटं दिलं तर पेशी मरते, ग्राहकाला जोरकस इशारा एकटा दिला तरी मरते, पण दोन्ही एकदम दिले तर जगते. यावरून त्यांनी मांडलं की दोन मरणं एकमेकांना अडवतात आणि मधल्या अरुंद वाटेवरून योग्य पेशी पार होते. ही मांडणी सगळ्यांनी मान्य केलेली नाही, वाद अजून चालू आहे. पुढच्या एका प्रकरणात दोन्ही बाजू दिल्या आहेत.

स्टेरॉइड म्हणजे फक्त कॉर्टिसॉल नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. त्यासाठी सरदारपूरइतकं चांगलं ठिकाण नाही. 1983 मध्ये इथल्या माळरानावर खरमोर अभयारण्य झालं. खरमोर म्हणजे आपल्या अकोला-वाशीमचा तणमोर. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा हा पक्षी आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो. पक्ष्यांच्या पिलात गुदद्वाराजवळ फॅब्रिशियसची पिशवी नावाचा अवयव असतो, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तिथे घडतात. ही पिशवी काढली तर प्रतिपिंडं नीट बनत नाहीत हे 1956 मध्ये ब्रूस ग्लिक यांनी कोंबडीच्या पिलांवर दाखवलं. पक्षी वयात आला की लैंगिक संप्रेरकांच्या जोराने ही पिशवी विरून जाते. अंड्यातल्या गर्भाला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती तयारच होत नाही. गवतावर उडणाऱ्या प्रौढ तणमोराच्या अंगात ती उरलेली नसते. आपली थायमस तारुण्यात आकसते त्यातही लैंगिक संप्रेरकांचा हात आहे.

या मरणाचा सगळ्यात मोठा उपकार लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात झाला. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातल्या पेशी म्हणजे घडता घडता अडकलेले कोवळे लिम्फोसाइट. त्यामुळे आदेश ऐकण्याची त्यांची सवय सुटलेली नसते. 1948 च्या सप्टेंबरात फिलिप हेंच यांनी मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि 1950 मध्ये केंडाल, राइकश्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं. तोवर डॉक्टर ल्युकेमियातही ते वापरू लागले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी 1984 पासून एमसीपी-841 ही उपचारपद्धती राबवली, तिच्या पहिल्या टप्प्यातही प्रेडनिसोलोन आहे. जर्मन पद्धतीत तर पहिला आठवडा मुख्यतः प्रेडनिसोनच देतात आणि आठव्या दिवशी रक्तात कर्कपेशी किती उरल्या हे मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये हजाराच्या खाली आल्या तर पुढची वाट बरी असते. ज्या मुलांच्या पेशी आदेश ऐकत नाहीत त्यांना सुरुवातीपासून कडक उपचार लागतात.

तोच आदेश गरज नसताना दिला की काय होतं? क्षयाकडे पाहिलं की कळतं. देवासचं नाव मराठी माणसाला कुमार गंधर्वांमुळे ठाऊक आहे. 1948 च्या सुमारास क्षयाने ग्रासलेले कुमारजी तिथली कोरडी हवा मानवेल म्हणून गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि स्ट्रेप्टोमायसीनने बरे होऊन 1953 मध्ये पुन्हा गाऊ लागले. स्ट्रेप्टोमायसीनची क्षयरोगावरची पहिली परीक्षाही त्याच मेयो क्लिनिकमध्ये, फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी 1944 मध्ये घेतली होती. ज्या इमारतींतून क्षयाला मारणारं औषध पुढे आलं, तिथूनच चार वर्षांनी झोपलेल्या क्षयाला जागं करू शकणारं औषधही आलं. आपल्या देशात असंख्य लोकांच्या छातीत क्षयाचे जंतू गप्प पडून असतात, कारण टी पेशी आणि मॅक्रोफेज त्यांना वेढून बसलेल्या असतात. महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालू राहिलं की तो वेढा सैल होतो. क्षयाच्या मेंदूज्वरात मात्र क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोनच जीव वाचवतं.

2020 च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा नाही. दुसऱ्या लाटेत घरोघरी पहिल्या दिवसापासून दुप्पट-तिप्पट मात्रा दिली गेली. 2021 च्या जुलैपर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, 45 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात त्यांचे वेगळे वॉर्ड उघडावे लागले. या आजारात मुख्य दोष वाढलेल्या साखरेचा आणि निकामी झालेल्या न्यूट्रोफिल-मॅक्रोफेजचा होता. लिम्फोसाइटचं मरण ही त्या चित्राची एक कड.

भिलांच्या मुलखात आणखी एक धोका आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. हाडं फोडून काढणाऱ्या त्या कळांवर स्टेरॉइडची सुई पहिल्यांदा गुण देते. 1994 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत मोठ्या मात्रेने मुलांच्या कळा लवकर थांबल्या, पण औषध थांबल्यावर त्या उलटून येण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून सिकलच्या कळांवर स्टेरॉइड देऊ नये असा आज तज्ज्ञांचा सल्ला आहे. या रुग्णांची पाणथरी (प्लीहा) आधीच दुबळी, त्यामुळे जंतूंशी लढण्याची ताकद कमी, त्यात स्टेरॉइडची भर. मात्र ज्यांचं स्टेरॉइड बराच काळ चालू आहे त्यांनी हे वाचून ते एकदम बंद करू नये. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी निजलेल्या असतात आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी लागते.

कुपीशिवायही हा आदेश दिला जातो, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कुपोषित मुलाच्या रक्तात कॉर्टिसॉल चढलेलं असतं. त्याच्या थायमसमधल्या नेमक्या त्याच कोवळ्या पेशी मरतात ज्या डेक्सामेथासोनने मरतात. अतिकुपोषित बाळांच्या शवविच्छेदनात थायमस इतकी आकसलेली आढळते की शोधावी लागते. गोवर, न्यूमोनिया, जुलाब अशा मुलांना मारून टाकतात त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात 1990 च्या दशकात कुपोषित मुलांची थायमस सोनोग्राफीने मोजली गेली. वजन महिनाभरात भरून आलं, थायमसला त्याच्या दुप्पट वेळ लागला. झिंक दिलेल्या मुलांत हा वेळ कमी झाला. आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत मूल साधारण दोन आठवडे राहतं. वजन वाढलं, सूज उतरली की घरी जातं, आणि केंद्राच्या तक्त्यावर ते बरं झालेलं असतं. त्याची थायमस तेव्हा अजून भरून येत असते. पुढचे सहा-आठ आठवडे त्याला झिंक, पोटभर अन्न आणि आशाताईंच्या फेऱ्या मिळाल्या तरच ती भरते, आणि त्या आठवड्यांत खोकला-तापासाठी स्टेरॉइडची सुई टोचली गेली तर नुकत्याच उगवलेल्या पेशी पुन्हा मरू शकतात.